पोटाचा घेर आणि यकृताचा भार

पुरुषाचे पोट सुटणे ही आपल्याकडे फारशी काळजीची बाब मानली जात नाही. ‘खात्यापित्या घरचा माणूस’, ‘लग्न मानवले’, ‘निवृत्ती अंगी लागली’ अशा कौतुकमिश्रित शब्दांत तिची बोळवण होते. सदरा थोडा सैल शिवला जातो, पट्टा पोटाच्या खाली सरकतो आणि विषय तेथेच संपतो. पुढे कधीतरी मूतखड्यासाठी, प्रोस्टेटसाठी किंवा वार्षिक तपासणीसाठी पोटाची सोनोग्राफी होते आणि अहवालाच्या शेवटी एक ओळ येते : ‘फॅटी लिव्हर, ग्रेड एक’. ‘हे तर आजकाल सर्वांनाच असते,’ असे कोणीतरी सांगते आणि अहवाल फाइलमध्ये जातो.

सैल झालेला सदरा आणि अहवालातील ती ओळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पोटाच्या आत साठणारी चरबी आणि यकृतात साठणारी चरबी यांचा संबंध थेट रक्तवाहिनीचा आहे. तो वेळीच समजला, तर बहुतेकांच्या बाबतीत हा विकार मागे फिरवता येतो. दुर्लक्षित राहिला, तर काही जणांचे यकृत हळूहळू निबर होत जाते आणि कळते तेव्हा मागे फिरण्याची वाट अरुंद झालेली असते. ज्येष्ठ वाचकांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांनी हा संबंध नीट जाणून घ्यावा, यासाठी हा लेख.

यकृत : शांतपणे काम करणारे इंद्रिय

बरगड्यांच्या आड, पोटाच्या उजव्या वरच्या भागात वसलेले यकृत प्रौढ पुरुषात सुमारे दीड किलो वजनाचे असते. अन्नातून आलेली साखर साठवणे, गरजेनुसार ती रक्तात सोडणे, पित्त तयार करणे, रक्त गोठण्यास लागणारी प्रथिने बनवणे, औषधांचे आणि विषारी द्रव्यांचे रूपांतर करणे अशी शेकडो कामे ते अहोरात्र करीत असते.

यकृतात थोडी चरबी असणे स्वाभाविक आहे. यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये चरबीचे थेंब साठले, की त्या अवस्थेला मेदयुक्त यकृत किंवा फॅटी लिव्हर म्हणतात. या अवस्थेत बहुधा काहीही दुखत नाही. यकृताच्या आतील भागाला वेदनेची जाणीव नसते. वेदना जाणवते ती त्याच्या बाहेरील आवरणाला. त्यामुळे थोडा थकवा, उजव्या बरगडीखाली किंचित जडपणा एवढीच लक्षणे काहींना जाणवतात. अनेकांना तीही जाणवत नाहीत.

‘मी तर दारूला स्पर्शही करीत नाही’

यकृताचा विकार म्हटला, की आपल्या समाजाची पहिली शंका मद्यपानाकडे जाते. आयुष्यभर निर्व्यसनी राहिलेल्या गृहस्थाला वयाच्या पासष्टीत यकृताचा आजार सांगितला जातो, तेव्हा त्याच्या मनाला होणारी जखम लहान नसते. नातेवाइकांच्या नजरेतील प्रश्न त्याला औषधांपेक्षा अधिक कडू वाटतो.

वैद्यकशास्त्रालाही हे कोडे उशिरा उलगडले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे विकृतिशास्त्रज्ञ युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली वीस रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली मद्यपींच्या यकृतासारखेच दिसत होते. पण हे रुग्ण मद्यपी नव्हते. त्यांपैकी बरेच जण स्थूल होते आणि अनेकांना मधुमेहासारखे विकार होते. तेव्हापासून या आजाराला ‘मद्यपानाशी संबंध नसलेला’ असे नकारार्थी नाव मिळाले. २०२३ साली जगातील प्रमुख यकृततज्ज्ञ संघटनांनी ते नाव बदलून ‘चयापचयाच्या बिघाडाशी निगडित मेदयुक्त यकृत विकार’ असे नवे नाव स्वीकारले. या नावात आजाराचे कारण काय नाही हे सांगण्याऐवजी काय आहे ते सांगितले आहे.

नव्या व्याख्येनुसार यकृतात चरबी असण्याच्या जोडीला पाचपैकी किमान एक गोष्ट असावी लागते : वाढलेले वजन किंवा कंबरेचा वाढलेला घेर, वाढलेली रक्तशर्करा, वाढलेला रक्तदाब, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स किंवा कमी झालेले ‘एचडीएल’ म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल. या यादीत कंबरेच्या घेराला मिळालेले स्थान लक्षात घेण्याजोगे आहे. आशियाई पुरुषांसाठी ही मर्यादा ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर धरली जाते.

चरबी किती, यापेक्षा ती कोठे

स्थूलतेच्या दोन ठेवणी असतात, हे फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य ज्याँ वाग यांनी १९४७ साली मांडले. चरबी नितंब आणि मांड्यांवर साठली, तर तिचा धोका कमी. पोटावर साठली, तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका अधिक. पहिली ठेवण प्रामुख्याने स्त्रियांमध्ये, तर दुसरी पुरुषांमध्ये आढळते. स्त्रीसंप्रेरकांमुळे चरबीचा ओघ नितंब-मांड्यांकडे वळतो. म्हणूनच रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचाही पोटाचा घेर वाढू लागतो आणि त्यांचे हे संरक्षण ओसरते. पुरुषाला असे संरक्षण मुळातच नसते. वाढत्या वयाबरोबर पुरुषसंप्रेरकाचे प्रमाण घटते, स्नायू कमी होतात आणि पोटातील चरबी वाढते.

आपल्या परंपरेलाही हे निरीक्षण अपरिचित नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन्ही देहप्रकृतींची गणना निंदित म्हणजे आरोग्यास प्रतिकूल अशा देहांत केली आहे.

पोटावरील चरबीतही दोन प्रकार आहेत. चिमटीत धरता येते ती त्वचेखालची चरबी. दुसरी पोटाच्या पोकळीत, आतड्यांच्या भोवती आणि आतड्यांवर पसरलेल्या पडद्यात साठते. ती चिमटीत येत नाही. पोट कणखर, ढोलासारखे पुढे आलेले दिसते. पुरुषांमध्ये ही आतली चरबी अधिक असते आणि यकृताला उपद्रव करते ती मुख्यतः हीच.

आतली चरबी यकृतापर्यंत कशी पोहोचते?

यकृताला होणाऱ्या रक्तपुरवठ्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून येते. ही शीर आतडी, जठर, प्लीहा आणि स्वादुपिंड यांच्याकडील रक्त गोळा करून थेट यकृतात नेते. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटलेली स्निग्धाम्लेही याच मार्गाने जातात. म्हणजे पोटातील चरबीचे कोठार यकृताच्या अगदी दारात उभे असते.

निरोगी स्थितीत इन्सुलिन हे संप्रेरक या कोठाराला कुलूप लावून ठेवते. जेवणानंतर इन्सुलिन वाढले, की चरबीच्या पेशी स्निग्धाम्ले सोडणे थांबवतात. पेशी फुगून त्यांची क्षमता संपली, की त्या इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. कुलूप सैल पडते आणि स्निग्धाम्ले अवेळीही रक्तात झिरपत राहतात. याच चरबीतून दाह निर्माण करणारी द्रव्येही पाझरतात.

यकृतावर दुसऱ्या बाजूनेही भार येतो. इन्सुलिनला दाद मिळत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक तयार करते. हे वाढलेले इन्सुलिन यकृताला साखरेपासून नवी चरबी बनवण्यास प्रवृत्त करते. मेदयुक्त यकृताच्या रुग्णांवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यकृतातील चरबीचा उगम मोजला गेला. सुमारे ५९ टक्के चरबी रक्तातील स्निग्धाम्लांतून आली होती, २६ टक्के यकृताने स्वतः साखरेपासून तयार केली होती आणि केवळ १५ टक्के थेट आहारातील तेलातुपातून आली होती. ‘मी तूप सोडले, मग चरबी कोठून आली?’ या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे. साखर, मैदा, गोड पेये आणि गरजेपेक्षा अधिक भात-पोळी यांचेही यकृतात चरबीत रूपांतर होते.

सडपातळ हातपाय, सुटलेले पोट

या बाबतीत भारतीय पुरुषाची अडचण विशेष आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही देहभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा आकडा, २२.३ असा अगदी सारखा होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती. दिसायला सडपातळ आणि आत चरबी अधिक, स्नायू कमी अशी भारतीय देहाची ठेवण या एका छायाचित्राने जगापुढे आणली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) आकडेही तेच सांगतात. १५ ते ४९ वयोगटातील पुरुषांपैकी २२.९ टक्के पुरुष देहभार निर्देशांकानुसार जादा वजनाचे किंवा स्थूल ठरले. पण कंबर आणि नितंब यांचे गुणोत्तर मोजले, तेव्हा ४७.७ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेपलीकडे आढळले. म्हणजे वजनकाटा ज्यांना ‘ठीक आहे’ म्हणतो, त्यांतील अनेकांना मोजपट्टी मात्र इशारा देते.

ज्येष्ठांच्या बाबतीत वजनकाटा आणखी फसवा ठरतो. साठीनंतर स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते. वजन वीस वर्षांपूर्वी होते तेवढेच राहते. दंड-मांड्या बारीक होतात आणि पोट वाढते. ‘माझे वजन पूर्वीइतकेच आहे’ हे समाधान त्यामुळे अपुरे आहे.

घरच्या घरी मोजमाप

कंबरेचा घेर म्हणजे पँटचे माप नव्हे. पट्टा पोटाच्या खाली बांधणाऱ्या गृहस्थाची पँट वर्षानुवर्षे ३४ इंचीच राहते आणि पोट मात्र तिच्यावरून पुढे येते. योग्य पद्धत अशी :

• सकाळी अनशापोटी, अंगावरील कपडा बाजूला करून सरळ उभे राहावे. दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा.
• शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड या दोहोंच्या मधोमध मोजपट्टी आडवी, समपातळीत धरावी.
• पोट आत ओढू नये. नेहमीसारखा श्वास सोडावा आणि त्या क्षणी माप वाचावे.

मोजपट्टी नसेल, तर सुतळीही पुरते. आपल्या उंचीइतकी सुतळी कापून तिची बरोबर मध्यावर घडी घालावी. ही अर्धी सुतळी कंबरेभोवती पुरली, तर उत्तम. टोके जुळली नाहीत, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे, असे समजावे. वाकलेल्या पाठीमुळे वृद्धांची उंची कमी भरते, म्हणून त्यांच्यासाठी तरुणपणची उंची ठाऊक असल्यास ती धरावी.

एक सावधगिरी महत्त्वाची. पोट काही आठवड्यांतच झपाट्याने वाढले, सोबत पायांवर सूज आली आणि हात-चेहरा मात्र उतरत चालला, तर ती चरबी नसून पोटात साठलेले पाणी असू शकते. अशा वेळी मोजमाप करीत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

‘ग्रेड’ आणि ‘निबरपणा’ यांत गल्लत नको

सोनोग्राफीतील ग्रेड एक, दोन, तीन हे यकृत पडद्यावर किती उजळ दिसते, यावरून ठरतात; त्यावरून चरबीचा अंदाज येतो. यकृताला इजा किती झाली, हे त्यावरून कळत नाही. ग्रेड तीन असूनही यकृत मऊ असू शकते आणि ग्रेड एक असूनही ते निबर होत चाललेले असू शकते. किंबहुना, यकृत फार निबर झाल्यावर त्यातील चरबी कमी दिसू लागते. रक्तातील एसजीपीटी हे मूल्य सामान्य आले, तरी विकार नाही असे सिद्ध होत नाही.

खरा प्रश्न असतो तो फायब्रोसिसचा, म्हणजे यकृतात व्रणासारखे तंतू किती निर्माण झाले, याचा. चरबी, मग दाह, मग तंतू आणि शेवटी सिरोसिस असा हा प्रवास बहुधा अनेक वर्षांचा असतो. सर्वच रुग्ण तो पूर्ण करीत नाहीत; पण ज्यांना मधुमेह आहे आणि पोटाचा घेर मोठा आहे, त्यांना धोका अधिक. सिरोसिस झालेल्यांना यकृताच्या कर्करोगाचाही धोका असतो.

याचा प्राथमिक अंदाज देणारा ‘फिब-४’ नावाचा साधा हिशेब आहे. त्यासाठी वय आणि नेहमीच्या रक्ततपासणीतील तीन आकडे पुरतात : एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. वयाला एसजीओटीने गुणायचे. मग प्लेटलेटच्या हजारांतील संख्येला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणून येणाऱ्या आकड्याने त्याला भागायचे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वय ६६, एसजीओटी ३०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट २ लाख ४० हजार. वरचा गुणाकार १,९८०; खालचा २४० गुणिले ६, म्हणजे १,४४०. उत्तर सुमारे १.४. सर्वसाधारणपणे १.३ पेक्षा कमी उत्तर आश्वासक मानतात. मात्र वाढत्या वयामुळेच हा आकडा फुगतो, म्हणून ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी ही मर्यादा २ धरली जाते. म्हणजे या गृहस्थांना तूर्त घाबरण्याचे कारण नाही. आता त्याच वयात एसजीओटी ४८ आणि प्लेटलेट दीड लाख असतील, तर उत्तर साडेतीनच्या आसपास येते. २.६७ च्या वरचा आकडा गंभीरपणे घ्यावा लागतो आणि यकृततज्ज्ञांचा सल्ला आवश्यक ठरतो. अशा वेळी यकृताचा कठीणपणा मोजणारी, वेदनारहित फायब्रोस्कॅन तपासणी करतात. हिशेब घरी करता येतो. निष्कर्ष मात्र डॉक्टरांवर सोपवावा. यकृताच्या तपासणीबरोबरच हिपॅटायटिस बी आणि सी यांची चाचणी, रक्तशर्करा आणि कोलेस्टेरॉल हेही पाहिले जाते. स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट, अमिओडारोन यांसारखी औषधे सुरू असतील, तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. त्यांनीही यकृतात चरबी साठू शकते.

भारत सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला. आपल्या लोकसंख्येतील त्याचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत ९ ते ३२ टक्के आढळले आहे. या रुग्णांमध्ये मृत्यूचे सर्वांत मोठे कारण मात्र हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे असते. म्हणून मेदयुक्त यकृत हा हृदयासाठीही इशारा समजावा.

किती वजन उतरावे?

उपचाराचा कणा म्हणजे पोटाचा घेर कमी करणे. मूळ वजनाच्या ५ टक्के वजन उतरले, तर यकृतातील चरबी घटते. ७ ते १० टक्के उतरले, तर दाहही ओसरतो आणि १० टक्क्यांच्या पुढे अनेकांमध्ये तंतूही विरळ होतात. ८० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे टप्पे म्हणजे ४ किलो, साडेपाच ते ८ किलो. सडपातळ दिसणाऱ्या, पण पोट सुटलेल्या व्यक्तीला ३ ते ५ टक्क्यांनीही लाभ होतो.

गती संथ असावी. आठवड्याला साधारण अर्धा किलो पुरे. उपासमार करून वजन झपाट्याने उतरवले, तर यकृताचा दाह वाढू शकतो, पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि ज्येष्ठांमध्ये सर्वांत मोठे नुकसान म्हणजे स्नायू झिजतात. स्नायू गेले, की तोल जातो. पडणे आणि हाड मोडणे मागोमाग येते. पंचाहत्तरीच्या पुढील, अशक्त किंवा आधीच वजन घटत असलेल्या व्यक्तीवर वजन कमी करण्याचा आग्रह धरू नये. तेथे ताकद टिकवणे हेच उद्दिष्ट असावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या सुरू असतील, तर जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. अन्यथा साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो.

ताटात काय असावे?

आपल्या पारंपरिक जेवणात या विकाराचा उतारा आहे; तो प्रमाणाचा आहे.

• दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ३५ ते ४० ग्रॅम साखर केवळ चहातून. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवण्यास सुचवते. साखर आठवड्यागणिक थोडी थोडी कमी केली, तर जिभेला सवय होते. गूळ आणि मध हेही साखरच होत.
• फळ चावून खावे, रस टाळावा. रसातील फ्रुक्टोज मुख्यत्वे यकृतातच जिरते. बाटलीबंद सरबते आणि शीतपेये तर नकोतच.
• ताटाचा निम्मा भाग पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबिरीचा असावा. पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात. पाव भाग उसळ, घट्ट वरण, अंडे, मासे, पनीर अशा प्रथिनांचा. प्रथिने दर किलो वजनामागे सुमारे एक ग्रॅम मिळावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.
• फरसाण, खारी, बिस्किटे आणि बेकरीचे पदार्थ रोजच्या डब्यातून काढावेत. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स यांनी पोट भरले, तर तो उपवास यकृताला जड जातो. त्याऐवजी वरी, राजगिरा, ताक, दही, काकडी, भोपळ्याची भाजी घ्यावी.
• रात्रीचे जेवण लवकर आणि हलके असावे.
• मद्य पूर्ण वर्ज्य करणे हेच श्रेयस्कर. तीस मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. चरबी साठलेल्या यकृताला ‘थोडीशी’ मात्राही दुहेरी मार ठरू शकते.

शतपावलीपासून सुरुवात

व्यायामाने वजन उतरले नाही, तरी यकृतातील चरबी कमी होते, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालावे. एका दमात जमत नसेल, तर दहा-दहा मिनिटांचे तीन भाग करावेत. जेवणानंतरच्या शतपावलीची जुनी पद्धत उपयुक्तच आहे. फक्त शंभर पावलांवर न थांबता दहा-पंधरा मिनिटे फिरावे. जेवणानंतर वाढणारी रक्तशर्करा त्याने आटोक्यात राहते.

आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना भार द्यावा. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या उचलणे एवढेही पुरते. केवळ पोटाचे व्यायाम केल्याने केवळ पोटावरची चरबी जात नाही. हृदयविकार, छातीत दुखणे, चालताना दम लागणे अशी तक्रार असल्यास प्रथम डॉक्टरांची अनुमती घ्यावी.

औषधे आणि ‘लिव्हर टॉनिक’

अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये या विकारातील तंतुनिर्मितीच्या मधल्या टप्प्यांसाठी रेसमेटिरोम हे पहिले औषध मान्य झाले. भारतात सॅरोग्लिटाझार हे औषध तज्ज्ञ वापरतात. ‘ई’ जीवनसत्त्वाचा मोठ्या मात्रेत काही निवडक रुग्णांना उपयोग होतो. पण दीर्घकाळ घेतल्यास वयस्क पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचे एका मोठ्या चाचणीत दिसले आहे. म्हणून ही कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेऊ नये.

‘वनस्पती आहे, अपाय कसा होईल?’ हा समज सोडावा. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमधील यकृताच्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, कोणताही काढा किंवा चूर्ण सुरू असल्यास ते आपल्या डॉक्टरांना सांगणे शहाणपणाचे. उलट कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन औषधे मेदयुक्त यकृतात सामान्यतः सुरक्षित असतात; यकृताच्या भीतीने ती परस्पर बंद करू नयेत.

घरातल्यांसाठी दोन शब्द

ज्या गृहस्थाने आयुष्यभर घर चालवले, त्याच्या ताटातील पोळी मोजणे हे नाजूक काम आहे. ‘बाबा, तुमचे पोट बघा किती सुटले आहे’ या वाक्याने मन दुखावते आणि हट्ट वाढतो. त्याऐवजी ‘बाबा, आजपासून आपण सगळेच चहात एक चमचा साखर घेऊ’, ‘जेवण झाले, चला, माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत फेरी मारून या’ असे म्हणावे. पथ्य एकट्यासाठी वेगळे रांधले, तर ते शिक्षा वाटते. सर्वांसाठी एकच स्वयंपाक केला, तर ते घराचे वळण होते. शिवाय पित्याची देहठेवण मुलाकडे येते. वडिलांसाठी मोजपट्टी काढताना चाळिशीतील मुलाने स्वतःचीही कंबर मोजावी.

महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला कंबर आणि वजन वहीत लिहावे. जुने सोनोग्राफी आणि रक्ततपासणीचे अहवाल तारखेनुसार एकत्र ठेवावेत. प्लेटलेटचा आकडा वर्षागणिक उतरत चालला असेल, तर तो डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावा.

डोळे पिवळे होणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, पोटात पाणी भरणे, दिवसा गुंगी आणि रात्री जागरण, बोलण्यात असंबद्धता या लक्षणांत एक दिवसही घालवू नये, रुग्णालय गाठावे.

यकृताला स्वतःला सावरण्याची विलक्षण शक्ती आहे आणि त्यातील चरबी शरीराने पाठवली तशीच परतही घेतली जाते. फाइलमध्ये पडून असलेला तो अहवाल या आठवड्यात बाहेर काढावा, कपाटातील मोजपट्टी किंवा सुतळी घ्यावी आणि आजचा आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढच्या महिन्यात त्याखाली दुसरा आकडा लिहायचा आहे.